रंग भिंतीला, तुळशीला कशाला?

नवरात्र संपलं की सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर एक कागद हमखास लागतो. विषय : इमारतीस बाहेरून रंग देणेबाबत. मग खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, चहाचा थर्मास येतो आणि दीड तास एकाच गोष्टीवर खल होतो. पिस्ता की बदामी? गॅलरीच्या पट्ट्याला मरून द्यायचा की चॉकलेटी? शेडकार्ड या हातातून त्या हातात फिरत राहतं. सभा संपता संपता ठेकेदार उठता उठता म्हणतो, "साहेब, स्प्रेनेच करून टाकू. आठ दिवसांत बिल्डिंग मोकळी. रोलरने बसलात तर महिना जाईल." साहेब मान डोलावतात. इतिवृत्तात या वाक्याची नोंदसुद्धा होत नाही.

माझी तक्रार या न झालेल्या चर्चेबद्दल आहे. पिस्ता असो की बदामी, दोन पावसाळ्यांनंतर सगळेच रंग सारखे दिसायला लागतात. पण रंग भिंतीवर कसा चढवला, यावर तो किती वर्षं टिकणार, किती डबे लागणार आणि त्या दिवसांत इमारतीतल्या घराघरात काय होणार, हे सगळं ठरतं. आणि घरात काय होणार हे ज्यांना निस्तरायचं असतं, त्यांतल्या निम्म्याअधिक जणी त्या वेळी वर पोळ्या करत असतात.

आता आधी हे स्प्रे आणि रोलर प्रकरण समजून घेऊ. पेंटरकाकांच्या भाषेत भिंतीला रंगाचे 'हात' मारायचे असतात. पूर्वी हे काम कुंचा आणि मग ब्रश करायचा. रोलर आला तो त्या मानाने अलीकडचा. १९४० च्या सुमारास टोरोंटोच्या नॉर्मन ब्रेकी नावाच्या गृहस्थाने तो काढला असं सांगतात. त्यातून त्याला मात्र काही पैसे मिळाले नाहीत. फवाऱ्याने रंग मारणं त्याहून जुनं. १८९३ साली शिकागोला जे जागतिक प्रदर्शन भरलं, त्याच्या अवाढव्य इमारती उद्घाटनाआधी पांढऱ्या करायला ब्रश घेऊन माणसं पुरेनात, तेव्हा तिथे फवारा वापरला गेला. (त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले. आपल्याकडे त्या शिकागोची ओळख तेवढीच आहे.) लक्षात घ्या, त्या इमारती कायमच्या नव्हत्याच. काही महिने उभ्या राहायच्या आणि पाडायच्या. त्यांना वेळ गाठायची होती, टिकायचं नव्हतं. आपल्या इमारतीला मात्र दरवर्षी चार महिने पाऊस झेलायचा असतो.

फवाऱ्यातही दोन जाती आहेत. एक साधा कॉम्प्रेसरवाला. त्यात हवेच्या झोताबरोबर रंगाचे बारीक कण उडतात. गाड्यांच्या गॅरेजमध्ये दिसतो तो हा. दुसरा 'एअरलेस'. त्यात हवा मिसळत नाहीत. पंपाने रंगावरच प्रचंड दाब देऊन तो बारीक छिद्रातून बाहेर फेकतात. हा दाब दर चौरस इंचाला दोन-तीन हजार पौंड इतका असतो. आपल्या गाडीच्या चाकात असतो तीस-पस्तीस. म्हणजे साठपट तरी धरा. एअरलेसचं धुकं साध्या फवाऱ्यापेक्षा कमी असतं, पण असतंच. तेव्हा ठेकेदार 'मशीन' म्हणाला तर कोणतं मशीन, हा पहिला प्रश्न विचारायचा.

आणि दुसरा प्रश्न भिंतीला विचारायचा. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींचा बाहेरचा गिलावा 'सँड फेस' असतो, म्हणजे हात फिरवला तर खरखरीत लागतो. या खरखरीत भिंतीला हजारो बारीक खळगे असतात. फवाऱ्याचा रंग समोरून येतो आणि उंचवट्यांवर बसतो. खळग्यांच्या तळाशी, कडेच्या आडोशाला तो पोचेलच असं नाही. खालून बघताना भिंत छान एकसारखी दिसते. गच्चीवरून वाकून तिरकं पाहिलं की सुईच्या टोकाएवढे कोरडे ठिपके दिसतात. पावसाला तेवढे पुरतात. रोलर तोच रंग दाबून आत बसवतो. त्यातही खरखरीत भिंतीला लांब केसांचा रोलर हवा, गुळगुळीत भिंतीला आखूड केसांचा चालतो. हे साधं गणित आहे, पण पेंटरच्या पिशवीत बहुधा एकच रोलर असतो आणि तो गेल्या साइटवरून आलेला असतो. सोसायटीने पदरचे दोन-चार चांगले रोलर आणून द्यावेत, लाखांच्या कामात ते जड जात नाही.

मग फवारा वाईटच का? तसं मी म्हणणार नाही. कंपाउंडची नक्षीदार लोखंडी जाळी, जिन्याच्या खिडक्यांच्या सिमेंटच्या जाळ्या, पत्र्याची शेड, खूप खोल नक्षीचा टेक्श्चर असलेली भिंत, इथे रोलर नुसताच वरवर फिरतो आणि ब्रशने माणूस रडकुंडीला येतो. तिथे फवारा घ्यावा. कोकणात जांभ्याच्या उघड्या भिंतींवर पाणी झिरपू नये म्हणून पारदर्शक लेप देतात. जांभ्याला जी छिद्रं असतात त्यांत रोलर कुठला पोचतोय! तिथेही फवारा नाहीतर ब्रशच. आणि मोकळ्या माळावर कारखान्याची लांबच लांब भिंत असेल, आजूबाजूला कुणाचं काही वाळत नसेल, तर बिनधास्त फवारा मारा.

पण आपण राहतो कुठे? एका इमारतीच्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या खिडकीत वाटी देता येईल, अशा अंतरावर.

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या इमारतीचं काम निघालं. फवारा सकाळी अकराला सुरू झाला. दुपारी वारा फिरला. आमच्या गच्चीवर तिघी-चौघींचं उन्हाळी वाळवण होतं. कुरडया, सांडगे, एकीच्या पापडाच्या पाच किलोच्या लाट्या लाटून पसरलेल्या. संध्याकाळी गोळा करायला गेलो तर सगळ्यावर फिकट पिवळी बुकटी. फवाऱ्याचे बारीक कण हवेतच सुकतात आणि पिठासारखे खाली बसतात, त्यामुळे उडताना ते दिसतही नाहीत. कुरडयांवर ते झटकून जातं का, यावर थोडा वाद झाला आणि शेवटी सगळं टाकून दिलं. खाली तीन गाड्यांच्या काचा खरखरीत झाल्या होत्या. त्याची नुकसानभरपाई म्हणून त्या ठेकेदाराने पॉलिश करून दिलं, कारण गाडीवाले भांडायला उतरले. कुरडयांसाठी कुणी भांडायला उतरलं नाही. पाच किलो पापड लाटायला किती जणींचे किती तास लागतात, याचं बिल कुणाच्या नावाने फाडायचं?

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. फवाऱ्याच्या कोटेशनमध्ये मजुरी कमी दिसते, हे खरं. पण ती मजुरी नाहीशी होत नाही, दुसरीकडे जाते. रंग उडू नये म्हणून प्रत्येक खिडकी, ग्रिल, एसीचं बाहेरचं मशीन, नळाचे पाइप हे प्लास्टिक आणि चिकटपट्टीने झाकायचं असतं. हे झाकण्याचं काम चोख केलं तर त्यातच दिवस जातात, म्हणून ठेकेदार ते अर्धवट करतो. उरलेलं घरातल्या बाईने करायचं. कपडे आत वाळत घालायचे, खिडक्या बंद करून उकाड्यात स्वयंपाक करायचा, तुळशीची कुंडी आत ओढायची, दम्याच्या सासूबाईंना मागच्या खोलीत हलवायचं. काम संपलं की काचांवरचे ठिपके ब्लेडने खरवडायचे. तेही बहुतेक घरी कामवाल्या मावशींच्या अंगावर पडतं, आणि जादा पैसे कुणी देत नाही. ठेकेदाराचे जे दिवस वाचतात ते असे घराघरांतून वसूल झालेले असतात. रोलरचे शिंतोडे पडतात, नाही असं नाही. पण ते सरळ खाली पडतात, शेजारच्या गच्चीवर जात नाहीत, आणि खाली जुनं बेडशीट अंथरलं की भागतं.

डब्यांचाही हिशोब आहे. जो रंग हवेत उडाला त्याचेही पैसे आपण दिलेले असतात. शिवाय मशीन अडू नये म्हणून रंग पातळ करण्याचा मोह होतो. किती पाणी घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं. त्याच्या दुप्पट पाणी घातलं तर भिंतीवर थरही तेवढाच विरळ बसतो. पहिल्या दिवशी कुणाला ओळखू येत नाही. वॉचमनला सांगून रिकामे डबे एका जागी मोजून ठेवायला लावा आणि रंग कालवताना समितीतलं कुणीतरी समोर उभं राहा. डाळीत पाणी वाढलेलं ज्या नजरेला कळतं, तिला हेही कळतं.

आता फवाऱ्याच्या बाजूने एक मुद्दा असा आहे, की तो ऐकून मी खरोखर थबकते. सहाव्या मजल्यावर लाकडी फळीच्या झुल्यावर दोरीला लटकलेला तो पोरगा. त्याचे तिथले दिवस जर मशीनने कमी होत असतील, तर माझ्या कुरडयांची काय मातब्बरी? हा विचार करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण जरा नीट बघितलं तर वाचणारे दिवस सांगतात तेवढे नसतात. बाहेरच्या रंगकामात बहुतेक वेळ रंग देण्यात जातच नाही. भिंत धुणं, शेवाळ घासणं, पोपडे खरवडणं, भेगा उकरून भरणं, प्रायमर, हे सगळं आधी असतं आणि त्यातलं बरंचसं हातानेच करावं लागतं. ते दिवस त्या पोराला झुल्यावर काढावेच लागतात, शेवटी हातात गन असो की रोलर. (ही तयारीच गाळून आठ दिवस सांगितले असतील, तर मग प्रश्नच मिटला. पोपड्यावर रंग मारला की रंगासकट पोपडा खाली येतो.) गनला तर मागे जड पाइप ओढत असतो आणि दाबाचा झटका बसतो. म्हणून त्याच्या जिवाची काळजी असेल तर करारात वेगळं लिहा : नीट बांधलेला पहाड, नाहीतर झुल्याच्या दोरीपेक्षा वेगळ्या दोरीला अडकवलेला सेफ्टी बेल्ट, हेल्मेट. आणि बेल्ट नसेल त्या दिवशी काम बंद. हे कोटेशनमध्ये मागितलं की दर थोडा वाढतो. तेव्हा कोण गप्प बसतं आणि कोण हो म्हणतं, तेही सभेत बघण्यासारखं असतं.

एअरलेस मशीनचा आणखी एक धोका फार कमी जणांना माहीत आहे. त्या दाबाने निघालेली रंगाची धार बोटाला अगदी जवळून लागली तर कातडी भेदून आत जाते. वरून दिसतं काय, तर टाचणी टोचल्याएवढं भोक. दुखतही नाही फारसं. त्यामुळे माणूस फडकं गुंडाळून कामाला लागतो. पण आत रंग पसरलेला असतो आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातच गमवायची पाळी येते. तुमच्या इमारतीवर असं मशीन चालू असेल आणि कुणी म्हणालं 'जरासं टोचलं', तर हळद लावून परत पाठवू नका. लगेच हॉस्पिटलमध्ये न्या आणि डॉक्टरांना जास्त दाबाच्या रंगाच्या मशीनने झालंय, हे शब्द आवर्जून सांगा.

फवाऱ्याच्या धुक्याची धास्ती नवी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ साली शिशाच्या पांढऱ्या रंगाबद्दल एक करार केला. त्यात हा रंग फवाऱ्याने मारताना होणारा धोका टाळण्याचे उपाय करा, असं स्पष्ट म्हटलं होतं. त्याच करारात १८ वर्षांखालच्या मुलांना आणि सगळ्याच स्त्रियांना कारखानदारी स्वरूपाच्या अशा रंगकामावर घ्यायला बंदी होती. शिसं बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, त्यामुळे ही काळजी अनाठायी नव्हती. पण गंमत बघा, विष काढून टाकण्याआधी बायकांना कामावरून काढायचं सुचलं! आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर मर्यादा आणणारा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. दशलक्ष भागांत ९० भाग, त्याहून जास्त शिसं चालत नाही. म्हणजे नवा डबा कोणता घ्यायचा याची काळजी थोडी मिटली, तरी ग्रिलवरचे आणि दरवाज्यांवरचे जुने ऑइलपेंटचे थर त्या आधीचे असू शकतात. ते कोरडे घासले की धूळ घरभर होते आणि रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात जाते. जुना ऑइलपेंट ओला करूनच घासायला सांगा, आणि त्या दिवशी लहान मुलांना दुसरीकडे ठेवा.

भिंती सारवणं, पांढरी माती नाहीतर चुना फिरवणं, हे गावाकडे आजही कुठे कुठे बायकांचंच काम आहे. वारली चित्रं तर पूर्वी लग्नघरच्या सवाशिणीच काढत. भिंत जोवर हाताच्या उंचीची होती तोवर ती आपली होती. शिडी आली, ठेका आला, पैसे आले आणि भिंत 'टेक्निकल' झाली. आता साइटवर बाई दिसते ती डोक्यावर घमेलं घेतलेली. सहकारी सोसायटीच्या समितीत महिलांसाठी जागा राखीव असतात, त्या भरल्याही जातात. पण रंगाचा विषय निघाला की समितीतल्या ताईंकडे चहाचं बघायला देतात. वास्तविक कोणत्या भिंतीला ओल येते, पाइपाच्या कुठल्या सांध्यातून पाणी झिरपतं, कुठल्या खोलीत कपाटामागे बुरशी धरते, हे घरात वावरणाऱ्या बाईइतकं कुणालाच माहीत नसतं. ठेकेदाराच्या पहिल्या फेरीला प्रत्येक मजल्यावरच्या दोघी बरोबर जाव्यात. तडा मोठा असेल तर रंगाआधी इंजिनीअरला दाखवायचाच. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढच्या इमारतीची दर ३ वर्षांनी करायची असते. त्यावर छान पिस्ता रंग फासून ती चुकवता येत नाही.

पाऊस थांबल्या थांबल्या दिवाळीच्या घाईने रंग काढणं हाही एक आपला हट्ट. भिंतीच्या पोटात पाणी असताना वर रंग चढवला की तो फुगतो, मग फवाऱ्याने दिला काय नि रोलरने दिला काय. एक सोपी परीक्षा आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी आतल्या बाजूला दवासारखे थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. थांबायचं. दिवाळी जुन्या रंगात साजरी झाली तर लक्ष्मी परत जात नाही.

तेव्हा दाट वस्तीतल्या, खरखरीत भिंतीच्या इमारतीला माझं मत रोलरला. सभेत बहुमत फवाऱ्याकडे झुकलंच, तर निदान अटी तरी घाला. फवारा सकाळी लवकर, वारा उठायच्या आत. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या गावात दुपारी वारा येणारच. एक माणूस फवारेल, त्याच्या मागोमाग दुसरा रंग ओला असतानाच त्यावर कोरडा रोलर फिरवेल. याने रंग खळग्यांत बसतो आणि फवाऱ्याचा वेगही बराचसा हाती राहतो. चांगले ठेकेदार हे करतात. न मागता करत नाहीत. गन धरणाऱ्याला गॉगल आणि नीट बसणारा मास्क हवा, रुमाल नव्हे. कुठली बाजू कुठल्या दिवशी, हे आदल्या दिवशी आपल्याच नव्हे तर शेजारच्या इमारतीच्या नोटीस बोर्डावरही लागलं पाहिजे. झाकणं आणि नंतर काचा पुसणं ही ठेकेदाराची जबाबदारी, हे शब्दांत लिहून घ्या. शेवटचा हप्ता काचा पुसून झाल्यावर. असं सगळं लिहायला लागलं की फवाऱ्याचे आठ दिवस बारा-पंधरा होतात, आणि दोन्ही कोटेशनमधला फरक बराच कमी झालेला दिसतो. मग निवांतपणे ठरवा.

आणि काम संपल्यावर प्रत्येक शेडचा लिटरभर रंग मागून घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. वर शेडचा नंबर आणि तारीख लिहून सोसायटीच्या ऑफिसात ठेवा. केबलवाला नाहीतर एसीवाला महिन्याभरात भिंतीला भोक पाडून जाणारच आहे. रोलरने दिलेल्या भिंतीवर तेवढा ठिगळाचा हात खपून जातो, फवाऱ्याच्या भिंतीवर तो दुरूनही दिसतो.